तुमचं नाव कुठल्याच डायलवर का नाही?

मुंबईतल्या अनामिक डायलवाल्यास,

नमस्कार. ‘सप्रेम’ मुद्दाम गाळलं आहे. पहिल्याच ओळीत खोटं लिहिणं माझ्याच्याने होणार नाही. ते काम तुमचं.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहावं लागतंय. ज्या माणसाने इतक्या घड्याळांवर इतकी नावं छापली, त्याचं स्वतःचं नाव एकाही घड्याळावर सापडू नये? जुनी डायल खरवडून कोरी करायची, तिच्यावर भडक रंग फवारायचा, वर एखाद्या नामांकित स्विस कंपनीचं नाव उठवायचं आणि ‘ओरिजिनल व्हिंटेज’ म्हणून विकायचं, हा तुमचा धंदा. देशोदेशीचे घड्याळशौकीन या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. तुम्ही बिननावी राहिलात आणि नाव खराब झालं ते मुंबईचं.

मी राणीसावरगावचा. तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त आहे. चावीची जुनी घड्याळं जमवतो, उघडतो, तेलपाणी करतो, गावातल्या कुणाचं बंद पडलेलं असलं तर चालू करून देतो. गंगाखेडला एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याशेजारी बसून, डोळ्याला भिंग लावून हे शिकलो. तुमचं दुकान माझ्या गावापासून लांब आहे. तुमचा माल मात्र कुरिअरने बिनचूक येऊन पोचतो.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्ही नेमकं कुणाला गाठता ते वाचणाऱ्यांना कळेल.

त्याच्या हातावरचं पहिलं घड्याळ त्याच्या आजोबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. एचएमटी जनता. सतरा ज्वेलची, हाताने चावी द्यायची. 1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या भागात मनगटी घड्याळ म्हणजे एचएमटी. जनता, पायलट, सोना, कांचन, कोहिनूर ही नावं लोकांना सोयऱ्याधायऱ्यांच्या नावांसारखी तोंडपाठ. लग्नात सासऱ्याने नवरदेवाच्या मनगटावर ते बांधायचं, बापाने पोराला नोकरी लागली की द्यायचं. ज्याच्याकडे घड्याळ नाही त्याने ज्याच्याकडे आहे त्याला रस्त्यात थांबवून वेळ विचारायची, आणि त्याने बाही मागे सारून ती ऐटीत सांगायची. वडिलांची जनता मी भाच्याला बारावीनंतर दिली. डायल पिवळट पडलेली, पाचच्या आकड्याजवळ एक डाग, काचेवर ओरखडे. मी ते काहीच बदललं नाही.

पहिलं घड्याळ माणूस निवडत नाही, ते त्याच्याकडे येतं. दुसरं मात्र तो स्वतः निवडतो, आणि निवडताना त्याच्याजवळ आवड असते, नजर नसते. नजर यायला पुष्कळ घड्याळं उघडून पाहावी लागतात, चांगली आणि वाईट शेजारीशेजारी ठेवून पाहावी लागतात. या दोन घड्याळांच्या मधल्या वाटेवर तुम्ही बसलेले असता. तिसऱ्या-चौथ्या घड्याळापर्यंत पोचलेला माणूस तुम्हाला दुरून ओळखतो, म्हणून त्याच्या वाटेला तुम्ही जात नाही. तुम्हाला नवखाच लागतो. ज्याला नुकतीच गोडी लागली आहे, ज्याने पैसे साठवले आहेत आणि ज्याला मालातलं अजून काही कळत नाही, तोच तुमचा ग्राहक.

भाचा चाकणला एका कारखान्यात कामाला आहे. आजोबांची जनता वापरता वापरता त्याला गोडी लागली. मशीन कसं चालतं, कमान म्हणजे काय, बॅलन्स कसा झुलतो, हे फोनवर विचारू लागला. मग म्हणाला, ‘मामा, आता दुसरं घ्यायचंय. पण असलं घेतो की नुसतं बघत बसावं.’ मी त्याला म्हटलं, एचएमटी पायलट घे, स्वस्तात मिळेल आणि खरी असेल. नाहीतर थोडं थांब, पैसे साठव आणि पावतीसह नवं चावीचं किंवा ऑटोमॅटिक घे. जुनं स्विस घ्यायचं असेल तर मशीनचा फोटो मागितल्याशिवाय रुपया देऊ नको. त्याने सगळं ऐकून घेतलं. पण त्याच्या मनात फेव्हर-ल्यूबा भरली होती. 1962 साली या कंपनीने समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं मनगटी घड्याळ काढलं, ‘बिव्हॅक’. तसलं जगातलं ते पहिलं. हे वाचून पोरगं भारावून गेलं होतं. बिव्हॅक परवडणारी नव्हतीच. याच कंपनीची ‘सी चीफ’ मात्र दिवाळीच्या बोनसमध्ये बसत होती, आणि ती तुमच्याकडे, म्हणजे तुमचा माल ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानदाराकडे, ‘मिंट कंडिशन’मध्ये उपलब्ध होती.

दिवाळीला घरी आला तो मनगट पुढे करूनच. ‘मामा, बगा की कसं चमकायलंय!’

चमकत होतंच. मोरपंखी निळी डायल, नारिंगी सेकंदकाटा, आरशासारखी घासलेली केस. मी भिंग लावलं. भिंगाखाली तुमचं सगळं काम उघडं पडतं, हे तुम्हालाही माहीत असणार. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, शाई रंगात पसरलेली. सहाच्या आकड्याखाली ‘स्विस मेड’ हे शब्द असायला हवेत त्या जागी एक अस्पष्ट रेघ. मिनिटांच्या खुणा एका बाजूला काठाला टेकलेल्या, दुसऱ्या बाजूला काठापासून सुटलेल्या. तासकाटा त्याच्या मापापेक्षा लांब. डायलवर ‘ऑटोमॅटिक’ असं ठसठशीत लिहिलेलं. मी झाकण उघडलं. आत ऑटोमॅटिक मशीनला असतो तो फिरणारा अर्धगोल नव्हताच. साधं चावीचं मशीन, आणि त्याच्या पुलावर कोरलेलं नाव भलत्याच कंपनीचं. डायलचे मागचे पाय कापून टाकलेले आणि ती मशीनला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने डकवलेली. जोरात हात झटकला की वेळ सरकायची.

पोरगं काही बोललं नाही. घड्याळ पुन्हा हातात घेतलं, पाहिलं आणि खिशात टाकलं. दुकानदाराला त्याने फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, की व्हिंटेज मालाला परतावा नसतो. त्याचे पैसे गेले, ते तो पुन्हा कमावील. पण माझा राग पैशांचा नाही. मला राग त्या मरून गेलेल्या घड्याळाचा आहे.

कारण केस खरी होती. फेव्हर-ल्यूबाचीच. तुमच्या टेबलावर येण्यापूर्वी तिच्यात एक खरी डायल होती, खरं मशीन होतं, आणि ते घड्याळ कुणीतरी आयुष्यभर वापरलेलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार हत्याराने कोरलेली बारीक अक्षरं आहेत: एक तारीख, 1971 सालची, आणि एक इंग्रजी आद्याक्षर. हे काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. घड्याळ साफ केलं, दुरुस्त केलं की चांगला कारागीर झाकणाच्या आत आपली खूण करून ठेवतो. ग्राहकाला ती कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला कळावं, की याआधी हे केव्हा आणि कुणी उघडलं होतं, एवढ्यासाठीच ती असते. त्या माणसाने जिथे कुणी पाहणार नाही तिथे स्वतःची सही केली. तुम्ही जिथे सगळे पाहणार आहेत तिथे दुसऱ्याची सही केलीत. झाकण उलटं करून त्याच्याकडे पाहताना, तुम्हाला एकदाही लाज वाटली नाही?

आणि नाव तरी कुणाचं पुसताय? फेव्हर-ल्यूबा 1737 साली स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावात अब्राहम फाव्र याने सुरू केली हे खरं, पण 1865 पासून या कंपनीचं मुंबईशी नातं आहे. आपल्या देशात ती इतकी खपली, की जुन्या पिढीतल्या अनेकांना ती इथलीच वाटायची. आज तर ती खरंच भारतीय मालकीची आहे: आधी टाटांच्या टायटनने घेतली, नंतर 2023 साली घड्याळं विकणाऱ्या इथॉस कंपनीने. वेस्ट एंड वॉच कंपनी घ्या. 1886 साली सुरू झालेली, घड्याळं बनायची स्वित्झर्लंडच्या सेंट-इमियेत, पण बाजार मुख्यतः इथला. तिच्या जुन्या डायलवर कंपनीच्या नावाखाली ‘बॉम्बे-कलकत्ता’ असं छापलेलं असायचं. तिच्या ‘सोवार प्रायमा’ला 1934 साली धक्का सोसणारी इन्काब्लॉकची योजना बसवली गेली, जगात अगदी सुरुवातीला ज्या घड्याळांत ती आली त्यांत हे एक. तुमच्या शहराचं नाव जगाच्या बाजारात मानाने मिरवणाऱ्या त्या डायली होत्या. तुम्ही त्या खरवडून काढता आणि त्या जागी जे चिकटवता त्यालाही जग ‘मुंबई’ म्हणूनच ओळखतं. शहराचं देणं याहून वाईट रीतीने फेडता आलं नसतं.

त्या डायलींनी काय काय पाहिलं आहे याचा विचार करा. 1906 साली देशभर एकच प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने तिच्यापेक्षा 39 मिनिटं मागे असलेली आपली वेळ पार 1955 पर्यंत पुरती सोडली नव्हती. रेल्वेची वेळ एक, शहराची दुसरी. त्या काळात मुंबईतल्या एखाद्या कारकुनाने आपली वेस्ट एंड सकाळी कोणत्या घड्याळाला लावायची हा त्याचा रोजचा प्रश्न असणार. ज्या डायलवर तो प्रश्न रोज सोडवला गेला ती डायल तुम्ही थिनरमध्ये बुडवता.

आमच्याकडे सातबाऱ्यावरचं नाव खोडून परस्पर दुसरं चढवलं तर फौजदारी होते, तलाठ्याची नोकरी जाते. का, तर त्या कागदावर जमीन कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली हे लिहिलेलं असतं. जुन्या डायलवरही तेच लिहिलेलं असतं: ऊन किती लागलं, घाम किती मुरला, काच केव्हा फुटली.

तुम्ही म्हणाल, मास्तर, डायल बदलणं हे आमच्या धंद्यात पहिल्यापासून चालत आलंय. आलंय, आणि त्याची कारणं मला माहीत आहेत. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. स्विस घड्याळ एक तर आजोबांचं असायचं, नाहीतर समुद्रमार्गे चोरून आलेलं. सुटे भाग मिळत नव्हते. अशा काळात आपल्या कारागिरांनी एका बंद घड्याळाचा काटा दुसऱ्याला, तिसऱ्याची चावी चौथ्याला बसवून लोकांची घड्याळं चालू ठेवली. डायल काळी पडली तर ग्राहकाच्या सांगण्यावरून रंगवून दिली. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे, कारण मी त्यांच्यातल्याच एकाचा शिष्य आहे. ग्राहक समोर बसलेला असायचा. काय बदललं हे त्याला माहीत असायचं, कारण त्यानेच सांगितलेलं असायचं. चोरबाजारात, भेंडीबाजारात, गल्लीबोळांतून आजही असे कारागीर आहेत, जे ‘डायल नवीन आहे, साहेब’ असं आधी सांगतात आणि मग किंमत सांगतात. तुमच्यामुळे त्यांच्यावरही संशय घेतला जातो. मुंबईचा विक्रेता आहे एवढ्यावरून परदेशातला ग्राहक त्यांचं घड्याळ न बघताच पुढे सरकतो. माझ्या भाच्यापेक्षा मोठं नुकसान तुम्ही या तुमच्या शेजाऱ्यांचं केलं आहे.

ते कारागीर नाइलाजाने जोडाजोड करत होते. तुमचा नाइलाज कसला? चालणारी, जुनी, खरी घड्याळं तुम्ही केवळ रंगाला गिऱ्हाईक आहे म्हणून मारता.

व्यवहाराचंच बोलायचं तर तोही तुम्हाला कळत नाही. जगात जुन्या घड्याळाची किंमत ठरते ती त्याच्या अस्सलपणावर, आणि सगळ्यात जास्त डायलवर. पॉल न्यूमन या नटाच्या हातावरची रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कला लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर गेली. ते स्टीलचं घड्याळ होतं. त्याच्या पत्नीने मागच्या बाजूला गाडी जपून चालवायला सांगणारे शब्द कोरून घेतले होते. तुमच्या हाती ते आलं असतं तर तुम्ही झाकण घासून गुळगुळीत केलं असतंत आणि डायल पोपटी केली असती. उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली डायल शौकीन लोक जास्त पैसे मोजून घेतात, तिला त्यांनी ‘ट्रॉपिकल’ असं कौतुकाचं नाव दिलं आहे. परभणीच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशाला टेकणाऱ्या पाऱ्याने कित्येकांच्या मनगटावर असल्या डायली भाजून तयार केल्या. भंगारच्या भावाने तुम्ही त्या गोळा केल्यात आणि त्यांच्यावर रंग मारलात.

एचएमटीलाही तुम्ही सोडलं नाहीत. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. ती बंद होणार ही बातमी आली तेव्हापासूनच लोक जुन्या जनता आणि पायलट शोधू लागले होते. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या घड्याळांना गिऱ्हाईक आलं आणि त्यांच्या पाठोपाठ तुम्ही आलात. कारखान्याने कधी काढलेच नाहीत अशा रंगांच्या पायलट, डायलवर विमानं, झेंडे, सैन्याची चिन्हं. सरकारी कारखान्यात बंगळूरच्या कामगारांनी बनवलेली गोष्ट, शेतकऱ्याने कापूस विकून घेतलेली. तिच्यात फसवायला काय होतं? ती स्वस्त होती, साधी होती आणि पूर्ण खरी होती.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यासाठी मी हे पत्र रागापेक्षा काळजीने लिहितो आहे. अंधारात चमकावेत म्हणून जुन्या घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर जो लेप असायचा तो 1960 च्या आसपासपर्यंत खऱ्या रेडियमचा असायचा. आपल्याकडे चमकणाऱ्या कशालाही लोक अजून रेडियमच म्हणतात, पण त्या जुन्या लेपात ते खरोखर होतं. चमक केव्हाच गेली, किरणोत्सर्ग गेला नाही: रेडियम निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात डायल रंगवणाऱ्या मुली ओठांनी ब्रशचं टोक काढायच्या. कित्येकींचे जबडे झिजले, कित्येकजणी मेल्या, आणि उरलेल्यांपैकी काही जणींना 1928 साली तडजोडीत भरपाई मिळाली. काचेखाली बंद असलेला तो लेप मनगटावर फारसा उपद्रव करत नाही. पण तुमच्याकडे एखादा पोरगा बिनमास्कचा, बंद खोलीत पंख्याखाली बसून तो कोरडा खरवडत असेल, तर ती भुकटी त्याच्या फुप्फुसात जाते. त्या पोराला तुम्ही रोज किती देता? आणि तो काय खरवडतोय हे त्याला कधी सांगितलंत का? नसेल सांगितलं, तर आज सांगा. दुसरं काही ऐकू नका, पण एवढं ऐका.

कायद्याचंही सांगून ठेवतो. ट्रेडमार्क कायदा 1999, कलम 103. दुसऱ्याचं व्यापारचिन्ह खोटेपणाने मालावर लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. पुढचं कलम 104, ते असला माल विकणाऱ्याला. म्हणजे तुम्ही दोघंही त्यात आलात. शिवाय 10 मार्च 2024 रोजी स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी आपला व्यापार करार झाला, त्यात स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं आहे. नवी स्विस घड्याळं स्वस्त होतील, नवे शौकीन येतील, त्यांना दुसरं घड्याळ हवं असेल, आणि तुम्ही रंगाचे डबे भरून ठेवाल, हे मला दिसतंय.

म्हणून मीही माझं काम सुरू केलं आहे. गंगाखेड, पालम, परळी, अहमदपूर, जिथून कुणी पोरगा जुनं घड्याळ घ्यायचं म्हणून मला विचारतो त्याला मी हेच शिकवतो. डायल डोळ्यांत भरण्याइतकी नवी दिसली तर आधी शंका घे. अक्षरांच्या कडा फोन जवळ नेऊन मोठ्या करून बघ. सहाच्या खाली काय लिहिलंय ते वाच. पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा धारदार आहेत की घासून गोल झाल्यात ते बघ. आणि झाकण उघडून मशीनचा फोटो दाखव म्हण. नाही म्हटला तर तिथून उठ. तेच मॉडेल जुन्या जाहिरातीत कसं दिसत होतं ते शोध, आणि एकही जुळत नसेल तर घाई करू नको, आजोबांचं घड्याळ आहेच की हातावर. दुसऱ्या घड्याळाला पाच वर्षं लागली तरी बिघडत नाही. हौशीने जमवायची वस्तू आहे, कर्ज फेडायचं नाही. ही पोरं आता फोटो पाठवतात आणि विचारतात, सर, हे खरं आहे का? बहुतेक वेळा ते तुमचं असतं.

तुमच्या हातात कसब आहे, हे मी मनापासून लिहितो. अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत साठ खुणा समान अंतरावर उठवायच्या, हे येरागबाळ्याचं काम नाही. म्हणूनच जास्त चीड येते. ज्याला काहीच येत नाही तो खोटं करतो तेव्हा त्याची कीव करता येते. तुम्हाला येतं. मग स्वतःची डायल करा. हवा तो रंग द्या, मोरपंखी द्या, नारिंगी द्या, आणि बाराच्या आकड्याखाली तुमचं स्वतःचं नाव छापा. खाली लिहा, मुंबई. मशीन कुठलं आहे ते पावतीवर लिहा, डायल नवी आहे हेही लिहा. असं घड्याळ तुम्ही काढलंत तर पहिलं मी घेईन, सांगाल त्या किमतीला, आणि भाच्यालाही घ्यायला सांगेन. बिनधास्त माझ्या नावावर मांडून ठेवा.

तोवर एक काम करा. भाच्याच्या घड्याळाची केस मी ठेवून घेतली आहे. तुमचं मशीन आणि तुमची डायल काढून एका पाकिटात घातली आहे, पाहिजे तर परत नेऊ शकता. जुन्या डायली तुम्ही सगळ्याच बुडवत नाही, काही खणात पडून असतात, हे मला गंगाखेडच्या त्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं. ‘सी चीफ’ची, 1971 च्या आधीची, चावीची किंवा ऑटोमॅटिक, तडकलेली, काळवंडलेली, आकडे उडालेली कशीही चालेल. तुमच्या खणात सापडली तर पाठवा. पुसू नका, आहे तशी पाठवा. टपालखर्च आणि डायलीची किंमत मी मनीऑर्डरने देईन, आणि पावतीवर तुमचं नाव लिहायला जागा सोडेन.

एक निवृत्त मास्तर,
राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी